बहिष्कृत स्पिनोझा : मत पटले नाही म्हणून माणूस तोडायचा का?

२७ जुलै १६५६. ॲमस्टरडॅम शहरात कालव्याकाठच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, एक फर्मान वाचण्यात आले. तेवीस वर्षांच्या एका तरुणाला समाजातून बाहेर काढल्याचे ते फर्मान होते. दिवसा आणि रात्री, झोपताना आणि उठताना, बाहेर जाताना आणि आत येताना त्याला शाप लागो, असे त्यात म्हटले होते. कुणी त्याच्याशी बोलायचे नाही, त्याला पत्र लिहायचे नाही, मदत करायची नाही, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायचे नाही, त्याच्या चार हात अंतरात जायचे नाही आणि त्याने लिहिलेले काही वाचायचेही नाही.

त्या तरुणाचे नाव बारूख स्पिनोझा. तेव्हा त्याचे एकही पुस्तक छापलेले नव्हते. पुढे याच माणसाला जगाने आधुनिक युरोपच्या मोठ्या तत्त्वज्ञांमध्ये जागा दिली. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आमच्या वाट्याला स्पिनोझा फक्त एका ओळीपुरता आला होता. बहिष्काराची ही गोष्ट आम्ही नंतर स्वतः वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही.

बहिष्कार हा शब्द आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत' होते. पण आधी एक फरक स्पष्ट करू. आपल्या पूर्वजांवरचा बहिष्कार जन्मावरून होता, त्यातून बाहेर पडायला दार नव्हते. स्पिनोझावरचा बहिष्कार मतांवरून होता आणि त्याच्यासमोर शहराचे बाकी रस्ते मोकळे होते. दोन्ही एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. तरी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ही शिक्षा देणारा समाज स्वतः पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसून आलेला होता. छळलेली माणसे आपल्याच एका मुलाला असे का वागवतात, हा आमचा प्रश्न आहे.

हा समाज कोण होता ते बघू. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढले. बरेच जण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले, तर तिथे १४९७ मध्ये त्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती करण्यात आले. नंतर धर्मन्यायालये आली. घरात दिवा लावला, डुकराचे मांस टाळले, शनिवारी कामाला सुट्टी दिली, एवढ्या संशयावरून माणसे तुरुंगात जात, काहींना जिवंत जाळले जाई. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांची नातवंडे-पतवंडे व्यापारानिमित्त ॲमस्टरडॅमला आली आणि उघडपणे ज्यू म्हणून राहू लागली. शंभर वर्षे कॅथलिक म्हणून जगलेल्या घराण्यांना आता ज्यू कसे व्हायचे हे नव्याने शिकायचे होते. हिब्रू येत नव्हती, विधी माहीत नव्हते, आपण खरे की अर्धवट अशी धाकधूक होती. धर्मांतरानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीची ही अवस्था आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील. जुने कुठले टाकायचे, नवे कुठले धरायचे, कोण अजून आतून जुनाच आहे, यावर किती घरांत भांडणे झाली!

वर शहराची अट होती. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने १६१६ मध्ये ज्यूंना बजावले होते की ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलायचे-लिहायचे नाही आणि कुणा ख्रिश्चनाला ज्यू करायचे नाही. त्यामुळे एखाद्या ज्यू तरुणाने देवाबद्दल भलतेच काही बोलायला सुरुवात केली तर ती त्याची एकट्याची बाब राहत नव्हती. उद्या शहर सगळ्या समाजाला जाब विचारील, अशी भीती होती. ही भीती खोटी नव्हती, हे मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

बारूखचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ चा. पोर्तुगीजमध्ये बेंतो, हिब्रूत बारूख, नंतर लॅटिनमध्ये बेनेडिक्टस. तिन्हींचा अर्थ एकच, आशीर्वाद लाभलेला. त्याच्यावर शापांचा वर्षाव झाला हा योगायोग बघा. वडील मिखाएल हे पोर्तुगालहून सुकामेवा, तेल असा माल आणणारे व्यापारी. समाजाचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, ज्याला माआमाद म्हणत, ते स्वतः काही काळ निवडून आलेले होते. ज्या मंडळाने मुलाला काढले तिथे बापाने कधीकाळी खुर्ची भूषवली होती. आई हान्ना तो सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा गेली. भाऊ आयझॅक गेला, मग १६५४ मध्ये वडील गेले. शाळा सुटली होतीच. बारूख आणि धाकटा गॅब्रिएल मिळून दुकान चालवू लागले. धंद्यावर कर्ज होते.

तो लहान असताना समाजात काय चालले होते तेही सांगायला हवे, नाहीतर १६५६ चे फर्मान आकाशातून पडल्यासारखे वाटेल. ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंची आधी तीन वेगवेगळी मंडळे होती. त्यातले एक तर १६१८ साली भांडणातूनच फुटून निघाले होते. १६३५ च्या सुमारास दोन रब्बींमध्ये जोरदार वाद झाला. पापी ज्यूच्या आत्म्याला कायमची शिक्षा होते का, हा विषय. साऊल लेवी मोर्तेरा म्हणत, होते. त्यांच्याहून तरुण इसाक अबोआब म्हणत, नाही, प्रत्येक ज्यूला शेवटी सुटका आहे. हा वाद फक्त पोथीतला नव्हता. पोर्तुगालमध्ये अडकलेले, क्रूसापुढे गुडघे टेकणारे आपले काका, आत्या, चुलत भावंडे यांचे काय होणार, हा त्यातला खरा प्रश्न होता. तरुण अबोआबच्या बाजूने गेले. प्रकरण व्हेनिसच्या रब्बींकडे पाठवावे लागले आणि त्यांनी अबोआबला माघार घ्यायला सांगितले. १६३९ मध्ये तिन्ही मंडळे एक झाली, मोर्तेरा सर्वांत वरचे रब्बी झाले, आणि एकीकरणाच्या नियमांत माआमादच्या हाती बहिष्काराचे हत्यार आले. एकी झाली, पण ती वरून बांधलेली एकी होती.

पुढच्याच वर्षी उरिएल द कॉस्टाचे प्रकरण घडले. हाही पोर्तुगालमधून आलेला, ख्रिस्ती म्हणून वाढलेला. बायबल वाचून ज्यू धर्माकडे वळला आणि इथे आल्यावर त्याला दिसले की प्रत्यक्षातला ज्यू धर्म बायबलपेक्षा बराच वेगळा, रब्बींच्या परंपरेने चालणारा आहे. त्याने ते लिहिले. त्याच्यावर बहिष्कार पडला, पुस्तक जाळले गेले. एकटेपणा सहन न होऊन १६४० मध्ये तो माफी मागायला परत आला. भर सिनेगॉगमध्ये त्याला एकोणचाळीस फटके मारण्यात आले, मग उंबरठ्यावर आडवे पाडून सगळे त्याला ओलांडत बाहेर गेले. काही दिवसांनी त्याने आत्महत्या केली. बारूख तेव्हा सात वर्षांचा होता. त्या वस्तीत ही गोष्ट माहीत नसलेले मूल असणे शक्य नाही.

सामाजिक काम करताना आम्ही जातपंचायतीने वाळीत टाकलेली कुटुंबे पाहिली आहेत. किराणा मिळत नाही, मुलीचे लग्न मोडते, मयताला चार माणसे येत नाहीत. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही. दंड भरून, पाया पडून परत घेतलेला माणूस आतून किती मोडलेला असतो, हेही आम्ही पाहिले आहे. त्यामुळे द कॉस्टाबद्दल वाचताना पुस्तक खाली ठेवावे लागले.

आता स्पिनोझा. फर्मानात त्याच्या भयंकर मतांचा आणि कृत्यांचा उल्लेख आहे, पण ती कोणती हे लिहिलेले नाही. पुढच्या लेखनावरून अंदाज येतो: बायबल माणसांनी लिहिलेले आहे, देव म्हणजे निसर्गाहून वेगळा कुणी राजा नाही, मेल्यावर आत्मा वेगळा उरत नाही, असे काहीतरी तो बोलू लागला असावा. दुसरेही एक कारण अभ्यासक सांगतात. मार्च १६५६ मध्ये, वडिलांच्या कर्जातून सुटका व्हावी म्हणून, त्याने पंचवीसच्या आतला अनाथ म्हणून डच कायद्याचा आधार घेतला. म्हणजे समाजाचे कारभारी बाजूला ठेवून तो शहराच्या न्यायव्यवस्थेकडे गेला. मतभेद आणि पैसा एकत्र आले की मतभेदाला धार येते. आपल्याकडच्या फुटीही फक्त विचारांवरून झाल्या, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

त्या समाजात बहिष्कार तसा नेहमीचा होता. कर थकवला, परवानगी नसलेल्या खाटकाकडून मांस घेतले, कारभाऱ्याचा अपमान केला, की बहिष्कार. बहुतेक प्रकरणे माफी आणि दंडावर मिटत. स्पिनोझाच्या फर्मानाची भाषा मात्र इतर कुठल्याही फर्मानापेक्षा जहाल आहे आणि परतीचा रस्ता त्यात ठेवलेला नाही. त्यानेही परत जाण्याचा प्रयत्न केला नाही.

हे सगळे ज्यू परंपरेत बसणारे होते का? याचे उत्तर सरळ नाही. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या संहितेची खासियत अशी की बहुमताचा निर्णय नोंदवताना हरलेल्या बाजूचे मतही नावासकट नोंदवलेले असते. हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांच्या शिष्यांमध्ये शेकडो बाबतींत मतभेद होते. तालमूद सांगतो की ते तीन वर्षे भांडले, तेव्हा आकाशवाणी झाली की दोन्ही मते जिवंत देवाचीच आहेत, पण आचरण हिल्लेलच्या शिष्यांप्रमाणे करा. का? तर ते नम्र होते आणि स्वतःचे मत मांडण्याआधी समोरच्याचे मत सांगायचे. आणखी महत्त्वाचे म्हणजे लग्नाच्या नियमांवर टोकाचा वाद असतानाही दोन्ही बाजूंनी एकमेकांत सोयरीक थांबवली नाही. वाद चालू, बेटीव्यवहार चालू. आम्हाला हे फार मोठे वाटते. पण त्याच परंपरेच्या दुसऱ्या ग्रंथात, जेरुसलेमच्या तालमूदमध्ये, शम्मायच्या शिष्यांनी एकदा मत जिंकण्यासाठी हिल्लेलच्या शिष्यांना ठार मारल्याचीही नोंद आहे. परंपरा एकाच वेळी दोन्ही देत असते. घाबरलेल्या समाजाने त्यातले काय उचलले, ते १६५६ मध्ये दिसते.

इथे आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वाचन गटात होतो. एका मुलाने गैरसोयीचा प्रश्न विचारला. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्याला कुणी पाठवले याची चर्चा सुरू झाली. आठवड्याभरात तो मुलगा फुटीर ठरला, पंधरा दिवसांत गटाबाहेर गेला. आम्ही त्याच्या विरोधात काहीच बोललो नव्हतो. त्याच्या बाजूनेही बोललो नव्हतो. त्या गटात वाईट माणूस एकही नव्हता. सगळे चळवळीच्या काळजीने बोलत होते. मोर्तेराही वाईट माणूस नव्हते.

बहिष्कारानंतर स्पिनोझा काय करील, याचे त्या काळचे उत्तर ठरलेले होते: ख्रिस्ती होईल. तो झाला नाही. एका कळपातून निघून दुसऱ्यात शिरायचे नाही, हे त्या शतकात जवळजवळ अशक्य मानले जाई. भावाबरोबरचा धंदा सुटला. तो लॅटिन शिकला, भिंगे घासायला शिकला. सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणीसाठी काच घासून भिंग बनवण्याचे हे काम, आणि त्याची भिंगे चांगली म्हणून नावाजली गेली. वडिलांच्या मालमत्तेवरून बहीण रिबेका हिच्याशी वाद झाला, तेव्हा तो कोर्टात जिंकला आणि मग फक्त एक पलंग ठेवून बाकी सगळे तिला देऊन टाकले, असे त्याचा जुना चरित्रकार सांगतो. हक्क सिद्ध करायचा होता, वस्तू नको होत्या.

१६६१ च्या सुमारास तो लायडनजवळच्या राइन्सबर्ग या खेड्यात राहायला गेला. तिथे कॉलेजियंट नावाचे ख्रिस्ती लोक होते. त्यांच्या बैठकीत पाद्री नसे, ज्याला बोलायचे तो उठून बोले. पुढे तो फोरबर्गला आणि शेवटी हेग शहरात गेला. हेगमध्ये एका चित्रकाराच्या घरी भाड्याची खोली. दिवसाचे जेवण म्हणजे कधी दूध-लोण्याची पेज, कधी मनुका घातलेली लापशी. एका श्रीमंत मित्राने मोठी रक्कम देऊ केली, ती नाकारली. त्याच्या मृत्यूनंतर भावाने वर्षाला पाचशे गिल्डर ठरवले, तर ते तीनशेवर आणायला लावले.

त्याच्या पत्रव्यवहारात आम्हाला सर्वांत जास्त रस वाटला. तो कुणाकुणाशी वाद घालत होता! डोर्ड्रेख्तचा धान्याचा दलाल ब्लायेनबर्ग याने १६६४ च्या अखेरीस पत्र पाठवून विचारले की सगळे देवापासून येत असेल तर वाईटाचे काय? स्पिनोझाने उत्साहाने उत्तर दिले. दोन-चार पत्रांनंतर लक्षात आले की हा माणूस बायबलला शेवटचा पुरावा मानतो आणि आपण बुद्धीला, म्हणजे पायाच वेगळा आहे. त्याने ते स्पष्ट सांगितले. तरी ब्लायेनबर्ग घरी आला तेव्हा त्याला भेटला, आणि त्यानंतरच पत्रव्यवहार सभ्यपणे थांबवला. या दलालाने पुढे १६७४ मध्ये स्पिनोझाच्या विरोधात जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रत्येक वाद जिंकायचा नसतो आणि प्रत्येक वाद चालू ठेवायचाही नसतो. कुठे थांबायचे हे त्याला कळत होते.

ह्यूगो बॉक्सेल नावाच्या एका माजी अधिकाऱ्याने भुतांबद्दल विचारले. भुते असतात, फक्त स्त्रीलिंगी नसतात, असे या गृहस्थाचे ठाम मत होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही पत्रे जरूर वाचावीत. स्पिनोझा हसतो, चिमटेही काढतो, पण त्या माणसाला मूर्ख म्हणून उडवून लावत नाही. एकेक पुरावा घेऊन तपासतो.

आणि घरमालकीण. तिने एकदा त्याला विचारले की मी माझ्या धर्मात राहून तरेन का? तो लुथरन पंथ तिचा, त्याचा नव्हे. त्याने सांगितले की तुझा धर्म चांगला आहे, शांतपणे आणि भक्तीने जगलीस तर दुसरा शोधायची गरज नाही. चर्चमधून घरची मंडळी परत आली की प्रवचनात काय ऐकले ते तो विचारत असे. आमच्यातल्या काही कडक कार्यकर्त्यांना हे ढोंग वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. आता वाटते की ज्याच्याशी वाद घालायचा आणि ज्याला आधार द्यायचा, ही दोन माणसे वेगळी आहेत हे त्याला ओळखता येत होते.

१६७० मध्ये त्याचा धर्म आणि राजकारणावरचा ग्रंथ बिननावाने आला. छापला ॲमस्टरडॅमला, मुखपृष्ठावर गाव घातले हॅम्बर्ग. बायबल इतर ग्रंथांसारखे इतिहासाच्या कसोटीवर तपासायचे आणि राज्याने माणसाला विचार करू द्यायचा, बोलू द्यायचे. त्याने राज्य बुडत नाही, उलट ते न दिल्याने बुडते, असा त्याचा युक्तिवाद आहे. १६७४ मध्ये या ग्रंथावर बंदी आली. त्याआधी १६६९ मध्ये त्याचा मित्र कूर्बाख धर्मविरोधी लिहिल्याबद्दल तुरुंगात मेला होता, म्हणजे ख्रिस्ती बाजूही काही कमी नव्हती. १६७२ मध्ये तर हेगच्या रस्त्यावर जमावाने योहान आणि कॉर्नेलिस द विट या राज्यकर्त्या भावांना फाडून मारले. एरवी शांत असणारा स्पिनोझा त्या रात्री पेटून उठला. खून झाला त्या जागी जमावाला रानटी म्हणणारा फलक लावायला निघाला होता. घरमालकाने दाराला कुलूप लावून त्याचा जीव वाचवला. ही हकिकत त्याने स्वतः लायब्नित्झला सांगितली.

पुढच्या वर्षी हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये, एवढी अपेक्षा होती. ती मर्यादा नेमकी कुठे सुरू होते हे आपल्याला ठरवता येणार नाही, म्हणून त्याने नम्रपणे नकार दिला.

एवढे वाचून स्पिनोझा म्हणजे सहिष्णुतेचा पुतळा असे कुणाला वाटले तर थांबा. पुतळे करायची सवय आपल्यालाही आहे. त्याच्या ग्रंथात ज्यू धर्माबद्दल जे लिहिले आहे त्यात कडवटपणा आहे. ज्यू धर्माचे कायदे त्याने जुन्या राज्याचे नियम म्हणून निकालात काढले. ज्यू टिकले ते इतरांच्या द्वेषामुळे, असे तो लिहितो, आणि येशूबद्दल लिहिताना मात्र हात सैल सोडतो. हर्मान कोहेन या जर्मन ज्यू तत्त्वज्ञाने १९१५ मध्ये यासाठी त्याला अत्यंत कठोर शब्दांत दोष दिला; ज्यूद्वेष्ट्यांच्या हाती त्याने शस्त्र दिले, असा तो आरोप होता. आम्हाला कोहेनचे सगळे पटत नाही, पण त्याची वेदना पटते. घर सोडलेल्या माणसाने घराबद्दल कुठे, कुणापुढे, कसे बोलावे, हा प्रश्न खराच आहे. शेवटच्या अपूर्ण ग्रंथात लोकशाहीचे गोडवे गाताना त्याने स्त्रियांना आणि नोकरांना मताधिकारातून वगळले, हेही लिहून ठेवतो.

खात्रीबद्दल म्हणाल तर तीही त्याच्याकडे भरपूर होती. त्याचा मुख्य ग्रंथ 'एथिक्स' भूमितीच्या पुस्तकासारखा आहे: व्याख्या, गृहीतके, सिद्धता. आल्बर्ट बुर्ख हा ओळखीचा तरुण कॅथलिक झाला आणि त्याने शिवीगाळीने भरलेले पत्र पाठवले, तेव्हा स्पिनोझाने उत्तरात सांगितले की आपले तत्त्वज्ञान खरे आहे हे आपल्याला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन होते तितके पक्के माहीत आहे. एवढी खात्री मोर्तेरांकडे तरी होती का? मग फरक कुठे? फरक एवढाच की स्पिनोझाने आपली खात्री दुसऱ्यावर लादण्यासाठी कधी फर्मान काढले नाही, पंथ काढला नाही, ग्रंथाचे डच भाषांतर होऊन गदारोळ होईल असे दिसताच ते थांबवायला लावले. सत्ता हाती असती तर काय केले असते, हे कोण सांगणार! त्याच पत्रात कॅथलिकांच्या हुतात्म्यांच्या गोष्टींना उत्तर देताना त्याने स्पेनमध्ये ज्वालांमध्ये उभे राहून स्तोत्र गाणाऱ्या एका ज्यू हुतात्म्याची आठवण काढली आहे. समाजाने त्याला टाकून वीस वर्षे झाली होती.

२१ फेब्रुवारी १६७७ ला, चव्वेचाळीस वर्षांचा असताना, फुफ्फुसाच्या आजाराने तो गेला. लिहिण्याचे टेबल ठरल्याप्रमाणे ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाकडे पाठवण्यात आले. त्यात 'एथिक्स'चे हस्तलिखित होते. वर्ष संपण्याआधी ते छापले गेले. त्याचे एक महत्त्वाचे जुने चरित्र लिहिले ते कोलेरस या लुथरन पाद्र्याने. त्याला स्पिनोझाची मते घातक वाटत आणि तसे त्याने लिहिलेही, पण घरमालकांना भेटून, हिशेबाच्या चिठ्ठ्या पाहून त्याने या माणसाच्या सचोटीची नोंद केली. वर सांगितलेल्या पेजेच्या, पलंगाच्या आणि घरमालकिणीच्या गोष्टी याच विरोधकाने जपून ठेवल्या.

ज्यूंमधला वाद त्याच्याबरोबर मेला नाही. अठराव्या शतकात मोझेस मेंडेल्सझोन या धर्माचरणी ज्यू विचारवंताने स्पिनोझाचे तत्त्वज्ञान नाकारले, आणि १७८३ च्या आपल्या ग्रंथात धर्मसंस्थेला बहिष्काराचा अधिकारच असू नये असेही मांडले. मत अमान्य, माणूस मान्य. फेब्रुवारी १९२७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे महाडचे पाणी पेटले त्याच्या एक महिना आधी, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात योसेफ क्लाउझनर यांनी बहिष्कार उठल्याचे जाहीर केले. तसा अधिकार त्यांना नव्हता. १९५३ मध्ये इस्रायलचे बेन-गुरियन यांनी स्पिनोझाला परत आपला म्हणा असे लिहिले. १९५६ मध्ये हेगच्या ज्या चर्चमध्ये त्याला पुरले होते, त्याच्या मागे एक दगड बसवण्यात आला. त्यावर हिब्रूत, तुझे लोक, या अर्थाचा एक शब्द आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने हा प्रश्न उघड सभेत घेतला. चार अभ्यासकांची मते मागवली, शेकडो लोक आले. रब्बींनी बहिष्कार कायम ठेवला. त्यांचे म्हणणे असे की मोर्तेरांपेक्षा आपण शहाणे आहोत असे म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, आणि स्पिनोझाने मते बदललेलीही नाहीत. २०२१ मध्ये स्पिनोझावर संशोधन करणाऱ्या एका धर्मनिष्ठ ज्यू प्राध्यापकाने त्याच सिनेगॉगमध्ये चित्रीकरणाची परवानगी मागितली, तर तिथल्या रब्बींनी त्याला प्रवेशबंदीचे पत्र धाडले. काही दिवसांतच समाजाच्या कारभारी मंडळाने त्या पत्रापासून हात झटकले आणि प्राध्यापकाचे स्वागत असल्याचे कळवले. १६५६ मध्ये फर्मान काढले होते ते याच मंडळाने.